कुत्र्या-मांजराने पाहुण्यांची वस्तू खराब केली, तर नुकसान कसे भरून द्यावे

चतुर्थीला मुंबई-पुण्याहून माणसे गोव्यातल्या गावच्या घरी येतात आणि सोप्यावर बॅगांची रास लागते, दाराशी चपलांची. घरच्या कुत्र्याच्या नाकाला ही मोठीच पर्वणी. चपला, मोजे, चष्मा, कानातले श्रवणयंत्र या वस्तूंना माणसाच्या घामाचा आणि त्वचेचा वास असतो, म्हणून कुत्रा नेमक्या त्याच उचलतो. श्रवणयंत्राची बारीक शिट्टी आपल्याला ऐकू आली नाही तरी त्याला येते. बॅगेला परक्या घरच्या कुत्र्याचा वास असेल तर नर कुत्रा तिच्यावर पाय वर करतो. यात खोडसाळपणा काही नसतो. पण पाहुण्याचे नुकसान व्हायचे ते होतेच आणि ते भरून देण्याची जबाबदारी पूर्णपणे यजमानाची असते. पाहुण्याला काही मागावे लागण्याआधीच ती पार पडायला हवी.

पायरी १ : आधी जीव, मग वस्तू

कुत्र्याच्या तोंडातली वस्तू ओढू नका. ओढाताणीत ती आणखी फाटते आणि तुटलेला तुकडा तो गिळून टाकतो. बिस्किटाचा किंवा माशाचा तुकडा पुढे करा, तोंड आपोआप उघडते. मग खाली पडलेले सगळे तुकडे गोळा करून जुळवून पाहा. बटण बॅटरी, सुई, मोजा किंवा गोळ्यांच्या पाकिटातल्या गोळ्या कमी दिसल्या, तर थेट पशुवैद्याकडे जा. बटण बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर काही तासांत आतून भाजते. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, आयब्युप्रोफेन कुत्र्याला घातक असते, आणि साखर नसलेल्या च्युइंगममधल्या झायलिटॉलने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते. औषधाचे रिकामे पाकीट सोबत न्या. उलटी करवण्यासाठी मिठाचे पाणी पाजू नका, त्याची वेगळी विषबाधा होते.

झटापटीत पाहुण्याला दात किंवा नख लागले असेल तर वस्तूचा विषय बाजूला ठेवा. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. आपल्या कुत्र्याला लस दिलेली आहे, एवढ्यावर थांबू नका. लसीचे कार्ड सोबत न्या आणि पुढचे डॉक्टरांना ठरवू द्या.

पायरी २ : सांगा, लगेच आणि स्वतः

पाहुण्याला वस्तू सापडण्याआधी त्याला कळले पाहिजे, आणि तेही घरच्या मोठ्या माणसाकडून. मुलांना पुढे करू नका. तीनच गोष्टी बोला: काय झाले, चूक कोणाची, आता काय करतो.

“वहिनी, तुमच्या डाव्या चपलेचा पट्टा आमच्या कुत्र्याने चावला. दार मीच उघडे टाकले होते. आज ही चप्पल घाला, संध्याकाळी म्हापशाला जाऊन तुमच्या मापाची दुसरी घेऊ.”

एवढे पुरे. ‘तो असे कधी करत नाही’ आणि ‘तुम्ही खाली ठेवली होती ना’ ही दोन वाक्ये गिळून टाका. पहिल्यात आपल्या कुत्र्याची बाजू घेतल्यासारखे होते, दुसऱ्यात पाहुण्यालाच दोष लागतो. आणि पाहुण्यासमोर कुत्र्याला मारू नका. काही मिनिटांपूर्वी चावलेल्या चपलेशी तो त्या माराचा संबंध जोडू शकत नाही. पाहुणा मात्र अवघडतो आणि ‘जाऊ दे, जाऊ दे’ म्हणत आपले नुकसान लपवायला लागतो.

मंडळी मंगेशी-शांतादुर्गेला दर्शनाला गेली असतील, तर चष्मा, औषध, श्रवणयंत्र, पासपोर्ट यांसाठी लगेच फोन करा, कारण त्यांची गरज त्याच दिवशी पडते. चपलेसारख्या गोष्टी ती परत आल्यावर सांगितल्या तरी चालतात.

पायरी ३ : वस्तू वाचवा

मालकाला विचारल्याशिवाय काहीही धुऊ नका. अपवाद फक्त मुताचा. तिथे पहिली दहा मिनिटे मोलाची असतात.

*मूत.* कोरडे सुती फडके दाबून ओल टिपून घ्या. घासू नका, घासल्याने ती धाग्यात खोल जाते. मग थंड पाणी टाकून पुन्हा टिपा. सुती किंवा सिंथेटिक कापडावर एक भाग पांढरे व्हिनेगर आणि दोन भाग पाणी लावून दहा मिनिटे ठेवा आणि धुऊन काढा. स्वयंपाकघरातले माडाच्या सुरेचे व्हिनेगर इथे वापरू नये. ते गढूळ असते, वर त्याचाच डाग राहतो. कोणतेही द्रावण आधी शिवणीच्या आतल्या बाजूला लावून रंग जातो का ते पाहा.

वाळल्यावर वास गेला असे वाटते आणि पावसाची सर आली की तो परत येतो. याचे कारण युरिक आम्लाचे स्फटिक. ते साध्या पाण्यात नीट विरघळत नाहीत आणि हवेतला दमटपणा शोषला की पुन्हा वास सोडतात. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारा एन्झाइमचा क्लीनर. तो भरपूर ओतावा, मूत जितके खोल गेले तितका खोल पोचेल इतका, आणि बाटलीवर दिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत कापड ओले राहू द्यावे. मात्र रेशीम आणि लोकर यांवर तो कधीही वापरू नका. हे धागे मुळात प्रथिनांचे असतात आणि प्रथिने तोडणारे एन्झाइम डागाबरोबर कापडही खाते. रेशमी साडी टिपून, हवेवर सुकवून ड्रायक्लीनिंगला द्या आणि डाग कशाचा आहे ते तिथे स्पष्ट सांगा. जरीला पाणी किंवा व्हिनेगर लागू देऊ नका, ती काळी पडते.

तीन गोष्टी टाळाच. गरम पाण्याने आणि इस्त्रीने डाग आणि वास कापडात पक्के बसतात. मुतात अमोनिया असतो, त्यावर ब्लीच टाकले की विषारी वाफ निघते. आणि घरात मांजर असेल तर फिनेल नको, तिला ते बाधते.

*तांबडी माती.* पावसाळ्यात पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर चिखलाचे पंजे उठणे ही गोव्यातली नेहमीची गोष्ट, आणि बहुतेक कपडे वाया जातात ते घाईने. ओला चिखल पुसू नका. पंख्याखाली पूर्ण वाळू द्या, मऊ ब्रशने झटका, मग कापड उलटे करून मागच्या बाजूने नळाची धार सोडा म्हणजे माती आली त्याच वाटेने बाहेर पडते. साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवून धुतल्यावरही पिवळसर तांबूस छटा उरली, तर ती लोहाची असते. आपल्या चिऱ्याच्या मातीचा रंगच मुळी लोहाचा. पांढऱ्या सुती कापडावर त्या जागी लिंबाचा रस लावा, दहा-पंधरा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा, गरज पडल्यास पुन्हा करा. रंगीत कापडावर लिंबू नको. ब्लीच तर दोन्हीवर नको, त्याने लोहाचा डाग जाण्याऐवजी घट्ट होतो.

*मांजराच्या नखाने ओढलेला धागा.* वर आलेला फासा कात्रीने कापू नका, तिथून कापड उसवत जाते. बारीक सुई त्या फाशाशेजारून मागे काढा आणि धागा उलट्या बाजूला ओढून घ्या, मग दोन्ही हातांनी कापड हलके ताणून सारखे करा. धागा तुटलाच असेल तर रफू करणाऱ्याकडे द्या. पैठणी किंवा आजीची कुणबी साडी असेल तर घरी सुईही लावू नये.

*चामडे.* चपलेचा किंवा बॅगेचा पट्टा मोची बदलून देतो, टाचेची कड चावली असेल तर तीही सावरता येते. बुटाचा पुढचा भाग किंवा साच्यातला रबरी तळवा फाटला, तर दुरुस्तीत वेळ घालवू नका, नवा जोड घ्या. ओले झालेले चामडे आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत पंख्याखाली सुकवा. उन्हात ते तडकते, आणि आपल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत ओले ठेवले तर दोन दिवसांत बुरशी धरते.

*चष्मा.* चावलेली काच फेकू नका. भिंगाचा मधला भाग शाबूत असेल तर चष्म्याचा दुकानदार लेन्सोमीटरवर त्यातून नंबर काढू शकतो, अगदी ओरखडे असले तरी. पाहुण्याकडे डॉक्टरची चिठ्ठी नसते, आणि याच तुकड्यामुळे त्याच दिवशी नवा चष्मा करायला टाकता येतो. भिंगावरचे ओरखडे घासून जात नाहीत, टूथपेस्टचा प्रयोग करू नका.

*मोबाइल, पॉवर बँक, लॅपटॉप.* दाताचे भोक पडलेली, फुगलेली किंवा गोडसर वास येणारी पॉवर बँक चार्जिंगला लावू नका. चिमट्याने उचलून अंगणात लादीवर ठेवा. पातेरा आणि झावळ्यांपासून लांब. अशी बॅटरी विमानात नेता येत नाही, तेव्हा मोपा किंवा दाबोळीला निघालेल्या पाहुण्याला नवी घेऊन द्या. लॅपटॉपवर मांजर मुतले तर तो बंद करून वायर काढा, उघडाच पालथा घाला आणि दुरुस्तीला न्या. चालू करून पाहण्याचा मोह आवरा, आतली सर्किट त्यातच जळतात.

*नोटा आणि पासपोर्ट.* फाडलेल्या नोटांचे तुकडे जपा, बँकेत त्या बदलून मिळतात. ५० रुपये आणि त्याहून मोठ्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण रक्कम, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी मिळते, त्याखाली काही नाही. २० रुपयांपर्यंतच्या नोटेला निम्म्याहून मोठा तुकडा पुरतो. पाहुण्याला नोटा तुम्ही आपल्या खिशातून आत्ताच द्या, बँकेच्या खेपा तुम्ही घाला. चावलेल्या पासपोर्टला चिकटपट्टी लावू नका. फोटोचे किंवा माहितीचे पान खराब झाले असेल तर नवा काढावा लागतो. अर्ज भरून देणे, पणजीच्या पासपोर्ट सेवा केंद्रापर्यंत गाडीने नेणे आणि शुल्क भरणे ही तुमची कामे. परदेशी नागरिकाने आपल्या देशाच्या दूतावासाशी बोलायचे असते.

पायरी ४ : भरपाई द्या, ‘राहू दे’ म्हटले तरी

आपल्याकडचा पाहुणा पैसे मागत नाही. ‘किती झाले?’ असे विचारले की उत्तर ठरलेले: “राहू दे हो, जुनीच होती.” म्हणून किंमत विचारूच नका. वस्तूचा फोटो काढा, माप आणि कंपनी पाहा, दुकानात किंवा ऑनलाइन आजची किंमत काढा आणि तीच किंवा एक पायरी वरची वस्तू आणा. चपला, पर्स, छत्री, टॉवेल यांना म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, मडगावची बाजारपेठ किंवा पणजीचा १८ जून मार्ग पुरेसा आहे. बिल सोबत द्या, माप चुकले तर बदलता येते. शक्य असेल तर पाहुण्यालाच बरोबर न्या. निवड त्याची, पैसे तुमचे.

वस्तू तीन वर्षे वापरलेली होती म्हणून निम्मी किंमत, हा हिशेब विमा कंपनीचा. घरात तो करू नये. पाहुण्याला आज नवीच घ्यावी लागणार आहे, म्हणून किंमतही नव्याचीच धरा. दुरुस्ती होत असेल तर तिचा पूर्ण खर्च द्या, आणि ती होईपर्यंत वापरायला दुसरी वस्तू.

वडीलधारे नातेवाईक पैशाला हात लावत नाहीत. त्यांच्यासाठी वस्तूच आणा आणि निघताना पिशवीत ठेवा. मित्र किंवा सहकारी असेल तर एकांतात पाकीट द्या, सगळ्यांसमोर जेवणाच्या पानावर विषय काढू नका. पैसे देऊन राहणारा पाहुणा असेल तर गोष्ट आणखी सरळ: काय खराब झाले आणि किती रक्कम, हे मेसेजवर लिहून द्या आणि ती बिलातून वजा करा. ‘पुढच्या वेळी एक रात्र फुकट’ ही भरपाई नव्हे, तो परत येईलच असे नाही.

रक्कम मोठी असेल, लॅपटॉप किंवा श्रवणयंत्रासारखी, आणि एकदम देणे जमत नसेल तर तसे सांगा. आधी दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्या, मग हप्ते आणि तारखा ठरवा. मोघम ‘बघू, करू’ मुळे नाती जितकी तुटतात तितकी चावलेल्या वस्तूमुळे तुटत नाहीत.

पायरी ५ : जे परत आणता येत नाही

आईची साडी, हस्ताक्षरातली वही, मुलाचे लहानपणीचे टोपडे. इथे पैशाची गोष्ट आधी काढली तर ती लागते. चिंधीसुद्धा टाकू नका. सगळे तुकडे स्वच्छ कापडात गुंडाळून मालकाच्या हाती द्या आणि याचे काय करायला आवडेल ते विचारा. साडीचा शाबूत भाग दुपट्टा, उशीचा अभ्रा किंवा चौकटीत बसवण्याजोगा असू शकतो, पण कापायचे की नाही हे त्यांनीच ठरवायचे. भिजलेल्या वहीची पाने ओढून सुटी करू नका. दर काही पानांमागे टीपकागद घाला, पंख्याखाली ठेवा, टीपकागद ओला झाला की बदला, आणि वाचता येते तोवर प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. शाई पसरलेली असेल तर आधी फोटो, मग बाकी सगळे.

पायरी ६ : पाहुणा गेल्यावर

दुरुस्तीला टाकलेली वस्तू कधी मिळेल ती तारीख त्याला कळवा आणि त्या दिवशी कुरिअरची पावती पाठवा. उशीर होणार असेल तर त्याने विचारण्याआधी सांगा.

घरात ज्या जागी कुत्र्याने पाय वर केला, ती फरशी आणि भिंतीचा खालचा हातभर भाग एन्झाइमच्या क्लीनरने धुवा, नाहीतर पुढच्या पाहुण्याची बॅग त्याच जागी भिजेल. चपलांना दाराचे कपाट करा किंवा त्या कमरेच्या वरच्या फळीवर ठेवा. पाहुण्यांच्या खोलीत बॅग ठेवायला बाकडे, औषधांना बंद होणारा खण, आणि दार आपोआप लागेल अशी स्प्रिंग बसवा. पाहुणे येण्याच्या अर्धा तास आधी कुत्र्याला फिरवून आणा, आणि ते पोचल्यावर सामान आत जाईपर्यंत त्याला मागच्या दारी चघळायला त्याचे स्वतःचे काहीतरी देऊन बांधून ठेवा.