कमी ऐकू येतंय? मग या चुका टाळा

"आजोबा ऐकून न ऐकल्यासारखं करतात." नाही हो, करत नाहीत. वयानुसार कान उतरतो तेव्हा आधी तीक्ष्ण आवाज जातात. 'स', 'श', 'फ' गळतात, स्वर उरतात. कोणी बोलतंय हे कळतं, पण शब्द लागत नाहीत. म्हणून ओरडून उपयोग नाही, उलट कानाला त्रास. समोर, उजेडात या आणि सावकाश बोला.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अचानक बंद झालेल्या कानाला मळ समजणं. लालबागचे एक गृहस्थ सकाळी उठले तर उजव्या कानाला दडे बसलेले, आत शिट्टी वाजतेय. घरच्यांनी ठरवलं, मळ असेल. दोन दिवस कोमट तेल, मग मेडिकलमधले ड्रॉप्स, मग 'सर्दी आहे, जाईल'. ईएनटीकडे पोचेपर्यंत महिना उलटला होता. कानात मळाचा कणही नव्हता, दोष नसेचा होता. अशा वेळी स्टेरॉइडचा उपयोग व्हायचा तर तो मुख्यतः पहिल्या दोन आठवड्यांत, आणि जितकं लवकर तितकं बरं. त्यांचा तो कान परत आला नाही.

घरी एक खूण बघता येते. तोंड मिटून 'हं' असा सूर धरा. बंद कानात जास्त घुमला तर बहुधा मळ किंवा पडद्यामागे पाणी. चांगल्या कानात घुमला तर नसेची शंका. पण खूण काहीही सांगो, ऐकणं अचानक गेलं की त्याच दिवशी मुंबईतलं केईएम, सायन, नायर, जे रुग्णालय जवळ असेल तिथे कान-नाक-घसा विभाग गाठा. तेल नको, बड तर मुळीच नको, त्याने मळ आणखी आत जातो.

बाळ आवाजाला दचकत नसेल तर 'त्याचे बाबाही उशिराच बोलले' म्हणून थांबू नका. ओएई तपासणी (तान्ह्या बाळाच्या कानाची चाचणी) पहिल्या महिन्यात, दोषाचं निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत, उपचार सहाव्याच्या आत. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे.

आता ऐकण्याचं मशीन. ऑडिओग्राम, म्हणजे कोणता आवाज किती ऐकू येतो याचा आलेख, न काढता ऑनलाइन मागवलेलं स्वस्त यंत्र सगळेच आवाज सरसकट वाढवतं, ते घेऊच नका. आणि चांगलं मशीन घेऊन पहिल्याच दिवशी लग्नाच्या हॉलमध्ये जाणाऱ्यांचं काय होतं? डोकं भणभणतं आणि दुसऱ्या दिवसापासून मशीन कपाटात. विसरलेल्या आवाजांची मेंदूला पुन्हा सवय व्हावी लागते. पहिला आठवडा घरातच, दोन-तीन तास, एकाच माणसाशी गप्पा. मग वेळ वाढवा, मग बाजार. लोकल सगळ्यात शेवटी. दरम्यान सेटिंगसाठी ऑडिओलॉजिस्टकडे (ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे) जात राहा आणि नेमकं सांगा. "ताट आपटलं की टोचतं" यावरून सेटिंग बदलता येतं, "बरोबर नाही" यावरून नाही.

शिट्टी वाजली की मशीन बिघडलं असं नसतं. आधी मशीनचा कानात बसणारा साचा नीट बसलाय का आणि कानात मळ आहे का ते बघा.

पावसाळ्यात मुंबईची दमट हवा मशीन खाते. रात्री सेल काढून मशीन सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. हेअर ड्रायर लावू नका. नव्या सेलचं स्टिकर काढल्यावर दोनेक मिनिटं हवा लागू द्या, मगच आत घाला. स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही.