घुमटाचं मोसंबं होतंय? परदेशात स्केच करताना या चुका टाळा

दर उन्हाळ्यात कोणीतरी इटली-ग्रीस करून येतं, स्केचबुक पुढे करतं आणि विचारतं, काहीतरी गंडलंय पण काय ते कळत नाही. अहो, चुका त्याच त्या असतात.

सगळ्यात मोठी म्हणजे आधी खिडकी आणि मग इमारत. मी स्वतः केलीय. फ्लॉरेन्सला नदीपलीकडच्या पियाझाले मायकेलँजेलोवर बसलो, जोशात थेट पेन काढलं आणि डावीकडून पलाझो वेक्कियोच्या टॉवरचे कंगोरे एकेक करत बसलो. पाऊण तास गेला, मजा आली, आणि कॅथेड्रलच्या घुमटापाशी पोचतोय तर पान संपलं! मग चिडून दुसऱ्या पानावर घाईत घुमट काढला तो गोल गरगरीत, पांढऱ्या पट्ट्या सारख्या अंतरावर, म्हणजे सोललेलं मोसंबंच. ब्रुनेलेस्की या वास्तुकाराचा हा घुमट गोल नाहीच, आठ पैलूंचा आहे, वर निमुळता होत जातो. पट्ट्या आठ, पण एका जागेवरून त्यातल्या निम्म्याच धड दिसतात, आणि कडेला जाताना जवळजवळ येतात. आपल्या डोळ्यात विजापूरचा गोलघुमट बसलेला असतो, हात तोच काढतो.

आता मी पेन पिशवीतच ठेवतो. आधी पेन्सिलीने डावी कड, उजवी कड, सगळ्यात उंच टोक, जमिनीची रेघ. मग हात ताठ करून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर घुमटाची रुंदी मोजायची, बाकी सगळं त्याच मापात. दहा मिनिटं लागतात हो फक्त. तेवढाही धीर नसलेले घरी येऊन फोटो ट्रेस करतात, मी त्याला स्केच म्हणत नाही, कोणाला राग आला तर येऊ दे. चंदिगढ आखणारा वास्तुकार कॉर्ब्युझिए 1911 मध्ये अथेन्सला गेला तेव्हा पुन्हापुन्हा तिथल्या जुन्या देवळांच्या टेकडीवर, म्हणजे अ‍ॅक्रोपोलिसवर जाऊन बसायचा, आणि आपल्याला बस सुटायच्या आत तीन पानं हवीत.

दुसरं, सावली. सूर्य तासाला 15 अंश सरकतो. पहिल्या पाच मिनिटांत सावलीची कड आखून टाका आणि नंतर ती बदलू नका, नाहीतर अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाच्या एका खांबावर सकाळ आणि शेजारच्यावर दुपार.

तिथले खांब समोर 8, बाजूला 17. मोजा जरूर, पण सगळे रंगवत बसू नका, जवळचे दोन-तीन नीट, बाकी नुसत्या रेघा.

सँटोरिनी या ग्रीक बेटावरच्या पांढऱ्या घरांना पांढरा रंग लावायचा नाही, कागद कोरा सोडायचा, फक्त सावलीला पातळ निळा.

आणि शाई वॉटरप्रूफ आहे का ते घरीच बघा, तिकडे आकाशावर ब्रश फिरवल्यावर नको.