जिलेबीला मठ्ठा, स्ट्रॉबेरीला मिरी: विजोड चवी कशा जुळवाव्यात

लग्नाच्या पंगतीत जिलेबीबरोबर मठ्ठा आला तर कुणालाच नवल वाटत नाही. खरं तर पाकात मुरलेली जिलेबी आणि आलं, मीठ, कोथिंबीर घातलेलं आंबट ताक यांहून विजोड जोडी शोधून सापडायची नाही. पण गोड आणि तूपकट चव तोंडात साचत जाते, ताकाचा आंबटपणा ती धुऊन काढतो आणि पुढची जिलेबी पुन्हा नव्यानं गोड लागते. नवी जोडी जमवताना हेच विचारायचं: या पदार्थाची कोणती चव साचते, आणि ती तोडायला घरात काय आहे?

सुरुवात मिठापासून करा. पपनसाच्या दोन फोडी घ्या, एकीवर चिमटीनं मीठ भुरभुरा आणि आधी बिनमिठाची खा. मिठाची फोड जास्त गोड लागेल. मीठ कडवटपणा दाबतं, त्यामुळे मागे लपलेली साखर पुढे येते. काळी कॉफी फार कडू झाली असेल तर कपात मिठाचे मोजके कण टाकून पाहा. कॉफी खारट लागली, तर हात सैल सुटला असं समजा.

मग मिरीकडे वळा. वाटीभर महाबळेश्वरी स्ट्रॉबेरी चिरा, चमचाभर साखर लावून दहा मिनिटं बाजूला ठेवा. रस सुटला की दोन चिमटी मिरी त्याच वेळी कुटून घाला. तयार पूड नको, तिचा सुगंध डब्यातच उडालेला असतो आणि उरतो तो नुसता तिखटपणा. फळ फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा, कारण गार पदार्थाचा गोडवा जिभेला कमी कळतो. वर घट्ट साय घातलीत तर मिरीचा झणका मऊ होतो. मला सायीशिवायच आवडते.

मऊ पदार्थाला कुरकुरीत सोबती द्या. खानदेशात आमरसाबरोबर तळलेली कुरडई खातात. गव्हाच्या चिकाची ती खारी, हलकी कुरडई गोड रसात बुडवली की पोळीची आठवणही येत नाही. कुरडई आधीच रसात मोडून ठेवू नका, लगेच लगदा होतो. घासागणिक बुडवा. रसात तूप आणि सुंठ घालायची पद्धत अनेक घरांत आहेच.

शेवटी आइस्क्रीमवर तेल. नाक मुरडण्याआधी एकच चमचा करून पाहा. साध्या व्हॅनिला आइस्क्रीमवर घाण्याच्या शेंगदाणा तेलाचे चार-पाच थेंब आणि जाड मिठाचे दोन-तीन कण. चिक्कीच्या जवळ जाणारी चव येते. रिफाइंड तेलानं काहीच होत नाही, कारण शुद्ध करताना शेंगदाण्याचा वासच निघून गेलेला असतो.

कोणतीही जोडी आधी एका घासापुरती करा, मग वाटीभर. पहिला घास बरा लागतो आणि चौथ्याला कंटाळा येतो, असं बऱ्याच जोड्यांचं होतं.

एक जोडी मात्र दिसते सोपी आणि फसवते: अननस आणि दूध किंवा दही. न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि थोड्या वेळानं मिश्रण कडू होतं. पपईतलं पपेनही तसंच वागतं. अननसाचं श्रीखंड करायचं असेल तर बारीक फोडी साखरेत चांगल्या उकळू द्या. उष्णतेनं विकर निकामी होतं. फोडी पूर्ण गार झाल्या की चक्क्यात मिसळा. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, त्यामुळे तो निथळून थेट घातला तरी चालतो.