गावात झाडीपट्टीचं नाटक लावताना

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत नाटकांचा मोसम दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईपासून, म्हणजे जत्रेपासून, होळीच्या आसपासपर्यंत चालतो. कंपन्या बहुतेक गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजच्या. पण नाटक लावतं गावचं मंडळ, तिकीट विकतं गाव आणि बुडालं तर गावाचंच बुडतं. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली. तरी प्रयोग उभा राहतो तो मंडळाच्या पोरांच्या धावपळीवरच.

तारीख मंडईची किंवा शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, धरा. लेकी-जावई, सोयरे त्या दिवशी घरी आलेलेच असतात. ठरवण्याआधी आजूबाजूच्या गावांना विचारा, कारण दहा-बारा किलोमीटरांत एकाच रात्री दोन नाटकं लागली की दोन्ही मंडळं रडतात. कंपनी दसऱ्याआधीच बांधून घ्या. नंतर उरलेल्या तारखा मिळतात आणि उरलेला संचही.

नाटक निवडताना पोस्टरवर जाऊ नका. मागच्या दोन मोसमांत जवळपास कुठं लागलं होतं ते पाहा. घरगुती कथानक, रडवणारा एखादा प्रवेश, जमलेली विनोदी जोडी आणि गाणी असली की मंडप पहाटेपर्यंत हलत नाही. लावण्या वाढवून मागायचा मोह आवरा. बायाबापड्या मधेच उठून गेल्या तर पुढच्या वर्षी त्या घरातली चार तिकिटं गेलीच म्हणून समजा.

करार कागदावर करा. नाटकाचं नाव, मुख्य नट-नट्यांची नावं, ऑर्गन-तबला-ऑक्टोपॅडचा संच, पडदे, लाइट आणि साउंड कोणाचा, जेवण-चहा कोणाकडे, पोचायची वेळ, पाऊस आला तर काय, सगळं लिहा. नावं नसली की आयत्या वेळी बदली नट येतो आणि भांडण तिकीटबारीवर होतं. कलावंत आदल्या रात्री दुसऱ्या गावी जागलेले असतात. दुपारी झोपायला एक शांत खोली द्या. पैसे तीन हप्त्यांत द्या, शेवटचा नाटक संपल्यावर.

ग्रामपंचायतीचं पत्र, पोलिसांची परवानगी आणि महावितरणची तात्पुरती जोडणी पंधरा दिवस आधीच मार्गी लावा. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सूट मिळते ती ठरावीक दिवशी आणि बारापर्यंतच. नाटक त्यापुढे चालवायचं असेल तर तारीख पक्की करण्याआधीच ठाण्यात बोला. काही झालं तरी भोंग्याचं तोंड मंडपाबाहेर ठेवू नका.

जागेसाठी कापणी झालेली, किंचित उताराची बांधी, म्हणजे धानाचं शेत, शोधा आणि स्टेज सखल बाजूला बांधा. बांधी सपाट असेल तर पुढची माती सात-आठ इंच खरवडून मागे ओढा, नाहीतर मागच्यांना फक्त पगड्या दिसतात. धसकटं काढून तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरा. जमिनीवर माणशी साडेचार चौरस फूट, खुर्चीला सहा धरा. १२०० जमिनीवर आणि ३०० खुर्च्यांवर म्हणजे ७२०० चौरस फूट. वाटांसाठी पाव भाग वाढवला की ९० बाय १०० फुटांचा घेर लागतो. खुर्च्या मागे आणि कडेला ठेवा. स्टेज साडेतीन फूट उंच ठेवा. त्याहून उंच झालं तर पहिल्या रांगेतल्या लेकरांना नटांचे पाय दिसत नाहीत. बाहेर जायच्या वाटा दोन हव्यात, त्यातली एक बायकांच्या बाजूला, आणि संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा.

आवाजाचे डबे माइकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला ठेवा. मागे ठेवले की शिट्टी वाजते. जनरेटर शंभर फूट लांब, वारा जाईल त्या बाजूला. मध्यरात्रीनंतर दव पडतं, तबल्याची पुडी सैल होऊन सूर उतरतो. म्हणून वादकांवर छत हवंच आणि जवळ, पण पडद्यापासून लांब, निखाऱ्याची शेगडी. पाण्याच्या दोन बादल्या आणि वाळू विंगेत ठेवा.

तिकीटबुकं शंभराची, क्रमांकाची छापा आणि कोणाला कोणतं बुक दिलं ते वहीत लिहा. मंडपाच्या साठ टक्के विक्रीत खर्च निघेल असा दर धरा. फुकट पासांना मर्यादा घाला. गावातले मोठे लोकच सगळ्यात जास्त पास मागतात. तिसऱ्या दिवशी जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, उरलेले पैसे शाळेला की देवळाला तेही लिहा. हिशेब लपला की पुढच्या मोसमाची वर्गणी अडते.

बांधी परत देताना खिळे आणि तारेचे तुकडे हातानं वेचा. ते बैलाच्या खुरात जातात, आणि मग तो शेतकरी पुढच्या वर्षी जागा देत नाही.