पादचाऱ्यांसाठी रस्ता आखताय? या चुका टाळा

ठाणे आणि नवी मुंबईतल्या रस्त्यांचे प्रस्ताव घेऊन तरुण आर्किटेक्ट माझ्याकडे येतात, सोसायट्यांचे सेक्रेटरीही येतात. मेहनत खरी असते, पण चुका त्याच त्या.

मला सर्वांत जास्त छळणारी चूक म्हणजे फूटपाथची रुंदी कंपाउंडच्या भिंतीपासून रस्त्याच्या कडेपर्यंत मोजणं. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत किमान १.८ मीटर सांगितलेत, ते मोकळे. झाडं, खांब, पाट्या वगळून उरलेले.

नौपाड्यातल्या एका गल्लीच्या नकाशात फूटपाथ चांगला दोन मीटरचा होता. होकार देण्याआधी टेप घेऊन गेलो. गुलमोहराचा बुंधा, त्याला खेटून विजेची डीपी, पुढे दुकानाची लोखंडी पायरी. डीपीपाशी उरले ६५ सेंटीमीटर. मी टेप गुंडाळत असताना भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी तिथवर आल्या, थांबल्या, मागे वळून गाडी येत नाही ना ते पाहिलं आणि रस्त्यावर उतरल्या. "हे हलवणार का हो तुम्ही?" त्यांनी विचारलं. नकाशा काढणाऱ्या मुलाला मी तिथेच बोलावून घेतलं आणि दर दहा पावलांवर दोघांनी माप घेतलं. डीपी हलवायची तर परवानग्यांत वर्ष जातं. म्हणून तिच्यासमोरची दोन गाड्यांची पार्किंगची जागा काढून फूटपाथ तेवढा पुढे आणला. त्या दोन जागांसाठी रहिवासी महिनाभर भांडले. भांडू द्यावं. तेव्हापासून मी नकाशावर एकच माप मागतो, सर्वांत अरुंद जागेचं.

दुसरी चूक गेटची. वाशी-नेरूळच्या सेक्टरांत रस्ते रुंद आहेत, तरी चालणारा दर सोसायटीच्या गेटपाशी उतरतो आणि पुन्हा चढतो. फूटपाथ सपाट पुढे न्या, गाडीला उतार चढू द्या. कडेची उंची १५ सेंटीमीटरच्या आत ठेवा आणि क्रॉसिंगपाशी १:१२ चा उतार द्या, म्हणजे एक सेंटीमीटर उंचीला बारा सेंटीमीटर लांबी. तपासायला मी चाकांची भाजीची ट्रॉली ओढत अख्खा रस्ता चालतो. ट्रॉली जिथे उचलावी लागते तिथे व्हीलचेअर अडकणार, हे धरून चाला.

सिग्नलची वेळ धडधाकट माणसाच्या चालीवर ठरवू नका. सेकंदाला १.२ मीटर चालणारा २४ मीटरचा रस्ता २० सेकंदांत ओलांडतो. गुडघे धरलेला माणूस ०.८ मीटरने चालतो, त्याला ३० सेकंद लागतात. दुभाजकात थांबायला जागाही हवी.

शहरातल्या रस्त्यावर पादचारी पूल सुचवू नका. खालून गाड्यांसाठी साडेपाच मीटर सोडायचे म्हणजे माणसाने जवळपास दोन मजले चढायचे. लोक चढत नाहीत, दुभाजकाचं रेलिंग ओलांडतात. पूर्व द्रुतगती महामार्गाची गोष्ट वेगळी.

कोपऱ्याची गोलाई मोठी ठेवली की गाडी वेग न उतरवता वळते. कोपरा आवळा.

गतिरोधक म्हणून रबराच्या पट्ट्या ठोकू नका. १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असा गोलसर उंचवटा बांधा.

आणि थ्री-डी, म्हणजे रस्त्यातून वर उठल्यासारखे दिसणारे झेब्रा पट्टे रंगवून फोटो काढायची घाई. याचा मला मनापासून राग येतो. २०२२ साली देशात ३२,८२५ पादचारी रस्त्यांवरच्या अपघातांत जिवाला मुकले. जिथे गाड्यांचा वेग कमी करायला काहीच बांधलेलं नाही, तिथे नुसते पट्टे ओढणं म्हणजे शाळेतल्या मुलाला खोटा भरवसा देणं. आधी रस्ता अरुंद करा, क्रॉसिंग उंच करा, रंग शेवटी.

सर्व्हे सकाळी अकराला उरकू नका. शाळा सुटताना जा, संध्याकाळी स्टेशनवरून लोंढा येतो तेव्हा जा आणि जुलैच्या पावसात एकदा नक्की जा. फूटपाथचा उतार संपतो तिथेच पाणी तुंबलेलं दिसेल. लोक ते डबकं चुकवून झेब्राच्या बाहेरून, गाड्यांमधून जातात. पाण्याची जाळी उताराच्या अलीकडे, पाणी ज्या बाजूने वाहत येतं तिकडे बसवा.