मातीतला अमिबा: या चुका टाळा

केरळातून ‘मेंदू खाणाऱ्या अमिबा’ची बातमी आली की नागपुरात अंबाझरी-फुटाळा तलावांच्या पाण्याची चर्चा सुरू होते. बातमीतला बहुतेक वेळा नेग्लेरिया असतो. तो कोमट गोड्या पाण्यातून नाकावाटे शिरतो आणि काही दिवसांत जीव घेतो. मातीतला बालामुथिया वेगळा. सगळे अमिबा एकच समजणं ही पहिली चूक. पोहणं सोडलं म्हणून बालामुथिया टळत नाही.

१९८६ मध्ये सॅन दिएगोजवळच्या प्राणी उद्यानात मेलेल्या मँड्रिल माकडाच्या मेंदूत तो पहिल्यांदा सापडला. तो जखमेतून किंवा धुळीबरोबर श्वासातून शिरतो. संत्र्याच्या बागेत आळी करताना हात कापला की त्यावर मातीच दाबणारे लोक अजून आहेत. तसं करू नका. साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. ते अमिबासाठी नाही, पण धनुर्वाताचा धोका त्याहून कितीतरी मोठा.

खरं नुकसान करते ती मलमाची ट्यूब. बालामुथिया त्वचेत शिरला की नाकावर किंवा गुडघ्यावर लालसर-जांभळा, टणक, फारसा न दुखणारा चट्टा येतो, हळूहळू पसरतो. मेडिकलवाला गजकर्णाचं मलम देतो, त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. लाली उतरते, माणूस निर्धास्त होतो. त्वचेची प्रतिकारशक्ती मात्र दबते. मेंदूची लक्षणं कधी काही महिन्यांनी येतात, आणि मग सुमारे ९० टक्के रुग्ण दगावतात. चट्टा न येताही मेंदूला लागण होते, हेही खरं.

असा चट्टा नागपुरात बुरशीचा, त्वचेच्या क्षयाचा किंवा कुष्ठाचा निघण्याचीच शक्यता जास्त. तरी महिनाभर न भरणारी जखम असेल तर मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालय) किंवा मेयो रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवा. बायोप्सीला, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासायला, नाही म्हणू नका, आणि मातीत काम करता हे सांगाच. सूक्ष्मदर्शकाखाली हा अमिबा शरीरातल्याच पेशींसारखा दिसतो, त्यामुळे शंका नसेल तर नजरेतून सुटतो. मेंदूच्या स्कॅनमध्येही क्षयाच्या गाठीचा भास होतो. निदान वेळेत झालं तर काळा-आजारावरचं मिल्टेफोसिन इतर औषधांसोबत देतात. काही रुग्ण वाचलेही आहेत.

रुग्णाचं ताट-वाटी वेगळं करू नका, हा आजार माणसाकडून माणसाला असा लागत नाही.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना त्रास देतो तो अकँथामिबा, हा तिसराच अमिबा. लेन्स नळाच्या पाण्यात धुऊ नका, आणि डोळा लाल होऊन खूप दुखायला लागला तर घरातले जुने स्टेरॉइडचे थेंब टाकू नका.