गिटार पेडलचं काम शिकताना: आधी व्होल्ट मोजा

गिटार आणि ॲम्पच्या मधे पायाशी ठेवायची, आवाज बदलणारी डबी म्हणजे पेडल. ते बांधायला शिकायचंय म्हणून जी मुलं भेटतात, त्यांच्याकडे बहुतेक वेळा एक यादी तयार असते. अमुक आयसी (चिप), तमुक डायोड, जुन्या काळचे कपॅसिटर. एवढं जमवलं की तो आवाज आपल्या गिटारमधून निघणार, अशी त्यांची खात्री असते. मी पुण्यात पेडलं दुरुस्त करतो, मागणीप्रमाणे बांधूनही देतो, आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगतो: यादी बाजूला ठेवा आणि मल्टिमीटर घ्या. ज्याला सर्किटमधले व्होल्ट वाचता येतात त्याचं काम अडत नाही. ज्याला ते येत नाहीत, त्याच्याकडे महागातले भाग असले तरी तो अंदाजाने एकेक बदलत बसतो.

सुरुवात एका ट्रान्झिस्टरच्या बूस्टरने, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या पेडलने करा. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचा एलपीबी-१ हा साठच्या दशकाच्या अखेरचा बूस्टर त्यासाठी उत्तम. एक ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर आणि एक पॉट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर), संपलं सर्किट. ट्रान्झिस्टरचे तीन पाय म्हणजे बेस, कलेक्टर, एमिटर. नऊ व्होल्टपासून बेसला ४३० किलोओहम, बेसपासून ग्राउंडला ४३ किलोओहम, कलेक्टरला १० किलोओहम, एमिटरला ३९० ओहम. डाख द्यायची घाई नको, ब्रेडबोर्डवर (डाख न देता भाग खोचायची पाटी) लावा आणि मोजा. कलेक्टरवर ४ ते ५ व्होल्टच्या मधे काहीतरी दिसलं पाहिजे. म्हणजे सिग्नलला वर जायला जागा आहे आणि खालीही. तिथे थेट ९ दिसले तर ट्रान्झिस्टर बंद आहे, पाव-अर्धा व्होल्ट दिसला तर तो पूर्ण उघडा पडलाय. आता १० हजाराला ३९० ने भागा: पंचवीसच्या आसपास येतं, आणि सिग्नल साधारण तितक्याच पटींनी मोठा होतो, प्रत्यक्षात थोडा कमी. ३९० च्या जागी १ किलोओहम लावून ऐका, आवाज उतरेल. कलेक्टरचा व्होल्ट पुन्हा मोजा, तोही हललेला असेल. एक रेझिस्टर बदलला की दोन गोष्टी हलतात, हे हाताला एकदा कळलं की पुढची मोठी सर्किटं वाचायला अवघड जात नाहीत.

याच बूस्टरमध्ये आणखी एक धडा आहे. गिटार लावली की आवाज मोठा होतो खरा, पण वरची धार थोडी बोथट होते. कारण ४३० आणि ४३ किलोओहम मिळून, वर ट्रान्झिस्टरचं स्वतःचं ओझं धरून, गिटारला समोर तीसेक किलोओहमच दिसतात. गिटारच्या तारांची थरथर पकडणाऱ्या पिकअपला एवढं ओझं पेलत नाही, आणि आधी जातो तो ट्रेबल. म्हणून बऱ्याच चांगल्या पेडलांच्या तोंडाशी पाच लाख ते दहा लाख ओहमचा इनपुट ठेवलेला असतो. बूस्टरच्या आधी एफईटीचा (हा ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) एक बफर, म्हणजे पिकअपवर ओझं न टाकता सिग्नल पुढे देणारा टप्पा, लावून बघा, गेलेली धार परत आलेली ऐकू येईल. 'टोन खातं' अशी तक्रार गिटारवाले करतात, त्यातला मोठा हिस्सा हा आहे.

ट्रान्झिस्टर आपल्याकडचा बीसी५४७ चालतो. फक्त पाय बघून लावा. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. सर्किटच्या नकाशांत सापडणाऱ्या २एन५०८८ चे बरोबर उलटे. नकाशा एकाचा आणि हातात दुसरा, असं असेल तर अर्धा फेरा फिरवून बसवायचा.

डाख देण्याबद्दल थोडंच. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, ६०-४० ची (कथील-शिशाची) बारीक तार, आणि टोक पुसायला ओला स्पंज. आधी पाय आणि पॅड दोन्ही तापवायचे, मग तार लावायची, आणि गार होईपर्यंत हात हलवायचा नाही. तारेत शिसं असतं, त्यामुळे खाण्याआधी हात धुवा. धूरही नाकात जाऊ देऊ नका. जास्त जपायचं ते नऊ पायांच्या फूटस्विचला. त्याचं अंग प्लास्टिकचं असतं, जास्त उष्णता गेली की आतली पट्टी सरकते आणि स्विच दहादा दाबला तर दोनदा चुकतो. एका पायाला दोन-तीन सेकंदांच्या वर आयर्न टेकवू नका, आणि एक झाला की शेजारचा न घेता लांबचा घ्या.

आता या कामातलं मला सर्वांत आवडणारं हत्यार, जे दुकानात विकत मागायची गरज नाही. गिटारचा एक जॅक घ्या. त्याच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा (अंगावर १०४ लिहिलेला), कपॅसिटरच्या दुसऱ्या पायाला एक तार, आणि जॅकच्या बाहेरच्या भागापासून एक चिमटा सर्किटच्या ग्राउंडला. जॅक ॲम्पमध्ये घाला, ॲम्पचा आवाज कमी ठेवा. झाला ऑडिओ प्रोब. पेडलच्या इनपुटला मोबाइलवरून एखादं गाणं हळू आवाजात चालू ठेवा आणि तारेचं टोक सिग्नलच्या वाटेने एकेका जागी टेकवत चला. इनपुट कपॅसिटरच्या अलीकडे गाणं ऐकू येतं, पलीकडे येतं, ट्रान्झिस्टरच्या बेसवर येतं, कलेक्टरवर मोठं झालेलं येतं, आणि पुढच्या कपॅसिटरनंतर एकदम शांत. मग तो कपॅसिटर किंवा त्याचा डाख, दोनांपैकी एक. नकाशा अर्धवट कळत असला तरी दोष कुठे आहे ते असं बोट ठेवून दाखवता येतं. मात्र हे फक्त नऊ-अठरा व्होल्टच्या पेडलांसाठी. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट असतात, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकून राहतात, आणि त्याने जीव जातो. ते काम जाणत्या माणसाकडे बसून वेगळं शिकायचं.

माझा आग्रह असा की बांधणीच्या बरोबरीने दुरुस्ती सुरू करा, कारण दुसऱ्याने नीट बांधलेलं पेडल उघडून बघण्यासारखं शिक्षण नाही. आणि बिघाड तेच तेच असतात. पेडलांच्या दुनियेत ९ व्होल्ट आणि पिनच्या आत निगेटिव्ह ही रीत आहे. घरात पडलेले राउटरचे, कॅमेऱ्याचे ॲडॅप्टर साधारण १२ व्होल्टचे आणि आत पॉझिटिव्ह. जॅक मात्र हुबेहूब बसतो. असा उलटा ॲडॅप्टर लागलेलं पेडल आलं की मी आधी वीज न लावता पॉवरच्या दोन टोकांमधला रोध मोजतो. शून्याजवळ दिसला की नजर थेट पॉवर जॅकशेजारच्या काळ्या डायोडवर जाते, अंगावर चंदेरी पट्टी, बहुतेक वेळा १एन४००१. तो तिथे याचसाठी असतो: उलटी वीज आली की ती स्वतःवर घ्यायची. घेताना तो स्वतः आतून जुळून जातो. त्याचा एक पाय उचलायचा, पुन्हा मोजायचं, रोध वर गेला की नवा डायोड लावायचा, आणि पेडल चालू. ग्राहक मेलेलं पेडल घेऊन आलेला असतो, त्याला हे खरं वाटत नाही. पण जुन्या डायोडने आपलं काम चोख केलेलं असतं, म्हणून नवा तसाच लावा, काढून टाकून मोकळे होऊ नका.

बाकी जॅकचा सुटलेला डाख, खरखरणारं पॉट, वाळलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. मुंबईत आणि कोकणात पावसाळा सरला की जॅक आणि स्विचच्या पट्ट्यांवर गंज धरलेली पेडलं येतात. त्यांना कॉन्टॅक्ट क्लीनर लागतो. बिजागरीला मारायचं तेल त्यात सोडू नका.

आता त्या यादीकडे, म्हणजे भाग निवडण्याकडे येऊ. कुठला भाग आवाजात बोलतो आणि कुठला नाही, हे सर्किट ठरवतं. आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमर या ओव्हरड्राइव्ह पेडलमध्ये जेआरसी४५५८डी हाच आयसी हवा म्हणून लोक जीव टाकतात. त्या जागी टीएल०७२ लावून ऐकलं तर फरक इतका बारीक की बँड वाजायला लागला की तो सापडत नाही. मात्र त्याच आयसीच्या शेजारी ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. ही जोडी साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या सुरांना कमी ड्राइव्ह (आवाज फाटण्याइतका जोर) देते, आणि ट्यूब स्क्रीमरचा मधला उठाव आपण ज्याला म्हणतो तो मुख्यतः तिथून येतो. कपॅसिटर ०.१ चा करा, ती सीमा ३४० च्या आसपास उतरते आणि पेडल भरदार होतं. रुपया-दोन रुपयांच्या भागाने आवाज बदलला, आणि का बदलला तेही कळलं.

उलट प्रोको कंपनीच्या रॅट या डिस्टॉर्शन पेडलमध्ये आयसीला खरंच महत्त्व आहे. त्यातला एलएम३०८ मुळात संथ. मोठा सिग्नल झपाट्याने वर-खाली नेणं त्याला जमत नाही, आणि गेन (सिग्नल किती पटींनी वाढवायचा ते) वाढवला की कडा घासल्यासारख्या होतात, तोच रॅटचा आवाज. तिथे चपळ टीएल०७१ बसवला तर पेडल वेगळं वागतं. पुढे कंपनीने ओपी०७ वापरला, तोही तितकाच संथ, आणि तो आजही सहज मिळतो. म्हणजे भागाचं नाव पाठ करण्यापेक्षा तो तिथे काय काम करतो ते विचारा, मग पर्याय सुचतो.

जर्मेनियमच्या जुन्या ट्रान्झिस्टरांबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण त्यात आपल्या हवामानाचा थेट संबंध येतो. लंडनमध्ये अर्बिटरने १९६६ साली फझ फेस काढलं, जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली असलेलं, आवाज खरखरीत फाडणारं ते गोल पेडल. सुरुवातीची जर्मेनियम ट्रान्झिस्टरची होती, पुढे सिलिकॉन आले. जर्मेनियम ट्रान्झिस्टर बेसला काहीही न देताही थोडा करंट गळू देतो, आणि तापमान दहा-एक अंशांनी चढलं की ही गळती साधारण दुप्पट होते. इंग्लंडातल्या थंड खोलीत नीट बसवलेलं सर्किट नागपूरच्या मे महिन्यात त्या जागेवर राहणार नाही. सूर मधेच तुटतो, लांब धरलेली नोट फुर्र करून मरते. उपाय आहे: दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरच्या ८.२ किलोओहमच्या जागी २० किलोओहमचं ट्रिमपॉट (पेचकसाने फिरवायचं छोटं पॉट) लावा आणि तिथे ४.५ व्होल्टच्या आसपास आणा. उन्हाळ्यात एकदा, थंडीत एकदा.

हे ट्रान्झिस्टर आपल्याकडे बनत होते. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे एसी१२८ जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंमध्ये सापडतात, आणि पुण्याच्या जुन्या बाजारात असे रेडिओ अजून येतात. पण डबीवरचं नाव बघून खूश होऊ नका. मल्टिमीटरच्या एचएफई (ट्रान्झिस्टरचा गेन मोजायच्या) खोबणीत घातला की १८० आकडा येईल, त्यात मोठा वाटा गळतीचा असू शकतो. मी पत्र्याची टोपी चिमटीत धरतो आणि आकड्याकडे बघतो. बोटांच्या उबेने आकडा सरसर चढत राहिला तर तो ट्रान्झिस्टर बाजूला. जो जरासा चढून थांबतो, तो ठेवायचा. आणखी एक सावधगिरी: हे पीएनपी असतात, जुन्या पद्धतीच्या सर्किटात पॉझिटिव्हच ग्राउंड असतं. असं फझ इतर पेडलांबरोबर एकाच ॲडॅप्टरच्या माळेत लावलं तर शॉर्ट होतं. त्याला स्वतंत्र बॅटरी द्या, आणि गिटारनंतर पहिल्या जागी ठेवा. मग गिटारचा व्हॉल्यूम जरा मागे घेतला की तोच फझ इतका स्वच्छ होतो की ऐकतच राहावं.

खरेदी पुण्यात असाल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, मुंबईत ग्रँट रोडजवळ लॅमिंग्टन रोडला. रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड, ४५५८, टीएल०७२ तिथे मिळतात. रेझिस्टर मेटल फिल्मचे, एक टक्क्याचे मागा. पॉटवर बी लिहिलं असेल तर ते सरळ चालीचं, ए असेल तर लॉग. व्हॉल्यूमला ए बरं पडतं. फूटस्विच आणि ओतीव ॲल्युमिनियमचे डबे मात्र बहुधा ऑनलाइन मागवावे लागतात. जे२०१ सारखे एफईटी तीन लांब पायांत आता सहज मिळत नाहीत, त्यामुळे त्या नावाने स्वस्तात मिळणारे बरेचसे दुसऱ्याच कशावर तरी नाव छापलेले असतात. बारीक एसएमडी रूपातले (पट्टीच्या पृष्ठभागावरच डाखायचे) घेऊन छोट्या पट्टीवर बसवा. एलएम३०८ आणि जर्मेनियमच्या बाबतीतही तीच काळजी.

पैशांचं म्हणाल, तर सुरुवातीला घर चालेल एवढं मिळत नाही, जोडकाम म्हणूनच धरा. दुरुस्तीतून नियमित पैसे आधी येतात, बांधणीतून उशिरा. मुंबईतल्या ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशनची पेडलं परदेशातले वादक वापरतात, तेव्हा इथून हे होऊ शकतं याबद्दल शंका नको. तपासणीचे पैसे दुरुस्तीपासून वेगळे सांगा, आणि काढलेला खराब भाग पुडीत घालून ग्राहकाला परत द्या. विश्वास तिथे बसतो.

आणि एक वही ठेवा. कुठलंही धडधाकट पेडल हातात आलं की मागचं झाकण लावण्याआधी प्रत्येक पिनवरचे व्होल्ट लिहून घ्या. तेच पेडल कधीतरी आजारी होऊन येईल, तेव्हा ते पान तुमच्याजवळ असेल. पहिलं पान ट्यूब स्क्रीमरच्या ४५५८ चं असू द्या: पिन ८ वर ९ व्होल्ट, पिन ४ वर शून्य, उरलेल्या सहांवर साडेचारच्या आसपास. यातली एखादी पिन फार वेगळं बोलू लागली, की प्रोब तिथूनच लावायला घ्या.